मानसोपचारतज्ज्ञाचा पगार हा आपला प्रश्न का आहे?

मागच्या पावसाळ्यात एका रात्री साडेदहाला माझ्या मावसभावाचा फोन आला. दादा एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात सहाय्यक प्राध्यापक आहे. कंत्राटी. आमच्या दोन्ही घरांतला तो पहिला डॉक्टर आणि मी पहिली पीएचडी करणारी, त्यामुळे नातेवाइकांत आमची नावं नेहमी जोडीनेच घेतली जातात.

"झोपलीस का गं?"

"नाही, बोल ना."

"तिसरा महिना आहे. पगार झालेला नाही."

"दादा, माझी फेलोशिप पाच महिने आलेली नाही."

मग आम्ही दोघंही हसलो. घरी दोघांनीही हे सांगितलेलं नव्हतं. घरच्यांच्या हिशेबात आम्ही दोघं 'सेट' झालोय.

पण त्याने फोन केला होता वेगळ्या कारणासाठी. शहरातल्या एका कॉर्पोरेट हॉस्पिटलने त्याला बोलावलं होतं. पहिलं वर्ष ठरावीक रक्कम, ज्याला तिथे 'मिनिमम गॅरंटी' म्हणतात. त्यानंतर त्याच्या नावावर जेवढं बिल होईल त्यातला ठरलेला टक्का. दादा म्हणाला, "माझ्याकडे ना सर्जरी, ना स्कॅन. टक्का कशाचा लावणार? ऐकण्याचा?"

मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी. माझा प्रबंध मेडिकल कॉलेजांच्या मानसोपचार ओपीडीवर आहे. दोन वर्षं मी अशा ओपीडींत बाकावर बसून काढली आहेत. तरी दादाच्या त्या प्रश्नाला मी लगेच उत्तर देऊ शकले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेलं उत्तर.

सुरुवातीलाच एक आक्षेप घेते, कारण तो तुमच्याही मनात आला असेल. डॉक्टरांचे पगार हा आपला विषय कधीपासून झाला? आशाताईंना महिनोन्‌महिने मोबदला मिळत नाही, सफाई कामगार ठेकेदाराच्या हाताखाली राबतात, आणि आपण लाखात कमावणाऱ्यांची बाजू घ्यायची? त्यातही मानसोपचाराची वरची खुर्ची बहुतेक सवर्णांचीच. आक्षेप योग्य आहे. म्हणून मी डॉक्टरांना किती पैसे मिळतात यापेक्षा ते कोणत्या पद्धतीने मिळतात यावर बोलणार आहे. त्या पद्धतीवरून ठरतं की टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला किती मिनिटं मिळणार, आणि पुढच्या महिन्यात तोच डॉक्टर तिथे असणार की नाही. टेबलापलीकडे बसलेली माणसं बहुतेक आपली असतात.

आधी कायम नोकरीतला पगार पाहू. दिल्लीचं एम्स, बंगळुरूचं निम्हान्स अशा केंद्रीय संस्थांत सातव्या वेतन आयोगाचा तक्ता लागू आहे. सहाय्यक प्राध्यापकाचं मूळ वेतन १,०१,५०० रुपयांपासून सुरू होतं, सहयोगी प्राध्यापकाचं १,३८,३०० पासून, अतिरिक्त प्राध्यापकाचं १,४८,२०० पासून आणि प्राध्यापकाचं १,६८,९०० पासून. खासगी प्रॅक्टिस करायची नाही, म्हणून त्यावर मूळ वेतनाच्या २० टक्के व्यवसायरोध भत्ता. मूळ वेतन आणि हा भत्ता मिळून २,३७,५०० रुपयांच्या वर जाऊ शकत नाहीत. शिवाय महागाई भत्ता, घरभाडं वगैरे. एमडी करणाऱ्या ज्युनियर रेसिडेंटची सुरुवात ५६,१०० पासून, सीनियर रेसिडेंटची ६७,७०० पासून. राज्याराज्यांत आकडे आणि नियम बदलतात. तामिळनाडूत सरकारी डॉक्टर ड्युटीच्या वेळेबाहेर खासगी प्रॅक्टिस करू शकतात, केरळने मेडिकल कॉलेजच्या अध्यापकांसाठी ती बंद केली.

या तक्त्यात एक गोष्ट आहे जी मला प्रबंधाच्या दुसऱ्या वर्षी लक्षात आली, आणि तोपर्यंत मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. त्यात विषयाचा रकाना नाही. हृदयाची शस्त्रक्रिया करणारा सहाय्यक प्राध्यापक आणि समोरच्या बाईला "झोप कधीपासून येत नाही?" असं विचारणारा सहाय्यक प्राध्यापक, दोघांचं मूळ वेतन एकाच पायरीवरून सुरू होतं. बाजारात असं कुठेच होत नाही. बाजारात कापण्याला, स्कॅन करण्याला, दुर्बीण घालण्याला भाव आहे. माणसाचं ऐकून घेण्याला भाव नाही, कारण त्याचं बिल काय करायचं हे कुणाला कळत नाही.

हा तक्ता आपोआप आलेला नाही. रांचीजवळच्या कांके इथे १९१८ मध्ये युरोपियनांसाठी मनोरुग्णालय सुरू झालं आणि १९२५ मध्ये भारतीयांसाठी वेगळं. आजार एकच, पण इमारती दोन. डॉक्टरांतही तेच होतं. वर आयएमएसचे अधिकारी, बहुतेक गोरे. खाली कितीतरी कमी पगारावर भारतीय सब-असिस्टंट सर्जन. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला तेव्हा जवळपास ४० कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी सुमारे १० हजार खाटा होत्या. मेडिकल कॉलेजचे अध्यापक पूर्णवेळ पगारी असावेत, त्यांनी खासगी प्रॅक्टिस करू नये, ही दिशा त्या समितीने दिली. पुढे १९५४ मध्ये बंगळुरूला मानसिक आरोग्याची अखिल भारतीय संस्था उभी राहिली, तीच १९७४ मध्ये निम्हान्स झाली. रुग्णाच्या खिशाशी डॉक्टरच्या पगाराचा संबंध नसावा, हा त्या सगळ्यामागचा विचार होता. ज्यांच्या खिशात कधीच काही नव्हतं त्यांना या विचाराची किंमत वेगळी सांगायला नको.

आता दादाला आलेल्या ऑफरकडे येऊ. ही पद्धत अमेरिकेतल्या विद्यापीठ रुग्णालयांतल्या पद्धतीच्या जवळ जाणारी आहे. तिथे १९९२ पासून मेडिकेअर या सरकारी विम्याने डॉक्टरच्या प्रत्येक कामाला 'आरव्हीयू' नावाच्या एककात मोजायला सुरुवात केली. पुढे अनेक विद्यापीठ रुग्णालयांनी आपल्या अध्यापकांचा पगार किंवा बोनस वर्षभरात किती एककं झाली याला बांधला. या मोजमापात चाकू चालवणारे पुढे जातात आणि बोलणारे मागे राहतात. मग मानसोपचारतज्ज्ञाने काय करायचं? तासाभराचा संवाद सोडून पंधरा-वीस मिनिटांची गोळ्यांची तपासणी करायची. किंवा विमाच घ्यायचा नाही, रोख फी घ्यायची. तिथले कितीतरी मानसोपचारतज्ज्ञ हेच करतात, आणि रोख देऊ न शकणारे गरीब, त्यातही काळे लोक, यादीत थांबून राहतात.

आपल्याकडच्या कॉर्पोरेट हॉस्पिटलांत आणि काही खासगी मेडिकल कॉलेजांत 'टक्का' हाच खेळ खेळतो. त्यात विम्याचं गणितही मानसोपचाराच्या विरोधात जातं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला. शारीरिक आजाराला मिळतो तसाच विमा मानसिक आजाराला द्या, असं तो सांगतो. विमा नियामकाने २०१८ मध्ये कंपन्यांना तसं कळवलं आणि २०२२ मध्ये पुन्हा कळवावं लागलं. पण बहुतेक विमा रुग्ण दाखल झाल्यावरच मिळतो. आयुष्मान भारत योजनाही दाखल रुग्णांसाठी आहे. मानसोपचाराचं बहुतांश काम मात्र ओपीडीत होतं, महिन्यामागून महिने. म्हणजे ज्या कामातून माणूस बरा होतो त्याला पैसे देणारा कुणी नाही, रुग्ण सोडून. मोठ्या शहरात एका भेटीची फी हजार-दोन हजार. आपल्या वस्तीतलं कोण दर पंधरा दिवसांनी एवढे देणार?

मग दादाने सरकारी कॉलेजातच राहावं, एवढं सोपं उत्तर आहे का? नाही. कारण मी वर सांगितलेला तक्ता त्याला लागूच नाही.

तो कंत्राटी आहे. काही महिन्यांची ऑर्डर, मग एक-दोन दिवसांचा खंड, मग पुन्हा ऑर्डर. ठोक रक्कम, वार्षिक वाढ नाही, भत्ते नाहीत, भर पगारी रजा नाही. कागदावर त्याला पगार म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. या शब्दाचा मला फार राग येतो. आशाताईला मानधन, अंगणवाडीताईला मानधन, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना मानधन, आणि आता एमडी झालेल्या डॉक्टरलाही मानधन. ज्या पदावर आपली माणसं पोचायला लागतात त्या पदाच्या पगाराचं हळूहळू मानधन होतं, असं मला वाटायला लागलं आहे. हे मी सिद्ध करू शकत नाही, पण आसपास पाहा आणि तुम्हीच ठरवा.

या कंत्राटाचं रुग्णाच्या केस पेपरवर काय होतं, ते मी एका बाईच्या बाबतीत पाहिलं. तिची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. ती कंत्राटी सफाई कामगार. नवरा गटारात उतरला आणि परत आला नाही. ती पहिल्यांदा ओपीडीत आली तेव्हा ज्या डॉक्टरने तिला तपासलं त्याला तिने हे सगळं सांगितलं होतं. केस पेपरवर दीड पान लिहिलेलं होतं. पुढच्या भेटीला तो डॉक्टर नव्हता, त्याची ऑर्डर संपली होती. दुसऱ्याला तिने पुन्हा सांगितलं, थोडं कमी. तिसरी एक सीनियर रेसिडेंट होती, बॉन्डचं वर्ष संपवून गेली. मी बाकावर बसले होते तेव्हा ती चौथ्या डॉक्टरसमोर होती. तो दादाच्याच वयाचा, सभ्य मुलगा. त्याने विचारलं, "काय त्रास आहे?" ती म्हणाली, "झोप येत नाही." बस, एवढंच. त्याने आधीच्या गोळ्या पुढे लिहिल्या, एक वाढवली. उठता उठता तिने विचारलं, "साहेब, पुढच्या महिन्यात तुम्हीच असाल ना?" तो काही बोलला नाही. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

त्या सोमवारी दोन डॉक्टर होते आणि ९४ केस पेपर निघाले होते. नऊ ते एक अशी चार तासांची ओपीडी धरली तर माणशी पाच मिनिटं. त्या डॉक्टरला दोष देऊन काही होणार नाही. त्या विभागात मंजूर असलेल्या जागा रिकाम्या होत्या, भरलेल्या कंत्राटी होत्या, आणि त्या बाईची गोष्ट चार जणांत वाटली जाऊन शेवटी दोन शब्दांची उरली. नवऱ्याला कंत्राटी पद्धतीने गटारात उतरवलं आणि बायकोला कंत्राटी पद्धतीने तपासलं. मी त्या दिवशी माझ्या वहीत एवढंच लिहिलं आणि उठून बाहेर चहा प्यायला गेले.

निम्हान्सने केलेलं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण (२०१५-१६) सांगतं की चिंता, नैराश्य यांसारख्या सामान्य मानसिक आजारांत ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नाहीत. सर्वेक्षण झालेल्या राज्यांत दर लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञ मध्य प्रदेशात ०.०५ आणि केरळमध्ये १.२ होते. हे आकडे दिले की लगेच 'जागृती'ची भाषा सुरू होते. लोकांना माहिती नाही, लोक बाबा-मांत्रिकाकडे जातात, वगैरे. त्या बाईला माहिती होती. ती खाडा करून, हजेरी बुडवून पाचव्या महिन्यातही येत होती. तिथे तिच्यासाठी टिकून राहिलेला डॉक्टर नव्हता.

आता खासगी मेडिकल कॉलेजांबद्दल थोडं, कारण देशातल्या मेडिकल कॉलेजांपैकी मोठा वाटा त्यांचा आहे आणि आपली काही मुलं कर्ज काढून, जमीन विकून तिथे शिकतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांना स्टायपेंडविषयी विचारलं. उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याने सांगितलं की स्टायपेंड मिळतच नाही. अनेकांनी सांगितलं की खात्यात जमा झालेला स्टायपेंड कॉलेज परत काढून घेतं. याच कॉलेजांत तपासणीपुरते येणारे 'कागदावरचे प्राध्यापक' हा दुसरा प्रकार. आयोगाला आधारवर आधारलेली बायोमेट्रिक हजेरी आणावी लागली ती यांच्यामुळे. म्हणजे एकाला काम न करता पैसे आणि दुसऱ्याला काम करून पैसे नाहीत. पहिला कोण असतो, दुसरा कोण असतो? ज्याचे वडील, सासरे डॉक्टर आहेत, ज्याचं नर्सिंग होम तयार आहे, त्याला कॉलेजचा पगार म्हणजे वरकड कमाई. स्टायपेंडवर ज्याचं घर चालतं तो मात्र वॉर्डमध्ये रात्र काढतो. बाबासाहेबांनी १९३६ सालीच कामाची वाटणी आणि काम करणाऱ्यांची वाटणी यांतला फरक दाखवून दिला होता. मला तो सर्वांत स्पष्ट दिसला तो मेडिकल कॉलेजच्या ड्युटी रोस्टरवर.

बॉन्डचंही तसंच. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमडी झाल्यावर एक वर्ष सेवा द्यावी लागते, नाहीतर ५० लाख रुपये भरावे लागतात. माझा बॉन्डला विरोध नाही. लोकांच्या पैशाने शिकलात तर लोकांना वर्ष द्या. पण ज्याच्या घरात ५० लाख आहेत त्याच्यासाठी तो बॉन्ड एक पर्याय आहे. आपल्यासाठी तो हुकूम आहे. आणि वर्ष संपल्यावर कायम जागेची जाहिरातच निघाली नाही, तर ज्याला खरोखर तिथे राहायचं आहे त्यालाही बाहेरच पडावं लागतं.

आता तक्त्याच्या वरच्या पायऱ्या. तिथे कोण पोचतं?

१९९२ च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की काही पदांवर आरक्षण ठेवणं उचित ठरणार नाही. त्यात वैद्यकातल्या विशेष आणि अतिविशेष शाखांची पदं आणि प्राध्यापकपद यांचा उल्लेख होता. २०१३ मध्ये एम्सच्या अध्यापक संघटनेच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीच भूमिका कायम ठेवली. म्हणजे पगाराची पायरी जिथे उंच होते, नेमका तिथेच आरक्षणाचा जिना डळमळतो. खाली काय चालतं तेही पाहा. संसदेच्या अनुसूचित जाती-जमाती कल्याण समितीने २०२२ मध्ये एम्सविषयी अहवाल दिला. एकूण १,१११ अध्यापक पदांपैकी सहाय्यक प्राध्यापकांची २७५ आणि प्राध्यापकांची ९२ पदं रिकामी असल्याचं त्यात नोंदवलेलं आहे. योग्य उमेदवार मिळत नाहीत हे ठरावीक उत्तर आम्हाला मान्य नाही, असं समितीने बजावलं. त्याच विभागात वर्षानुवर्षं तात्पुरते काम केलेल्या आपल्या डॉक्टरांना कायम भरतीच्या वेळी मात्र 'नॉट फाउंड सुटेबल' ठरवलं जातं. काल रुग्ण तपासायला सुटेबल होता, आज पगाराला नाही.

काहीजण म्हणतील, खुर्चीवर आपला माणूस बसला की सगळं सुटेल असं थोडंच आहे. नाहीच. दादाच्या ओपीडीतही माणशी पाच मिनिटंच मिळतात. कायम पगार असलेले, ओपीडीत अर्धा तास उशिरा येणारे प्राध्यापकही मी पाहिले आहेत. पगार ठरलेला असला की कुणी आपोआप ऐकायला लागत नाही. त्यात बढतीचे नियम असे की शोधनिबंध मोजले जातात, ऐकलेले रुग्ण मोजले जात नाहीत. पण आपली भाषा, आपलं दुखणं कळणारा माणूस तिथे असला की काय होतं, हेही मी पाहिलं आहे. एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं, "डोकं गच्च होतं, मालकाच्या वाड्यासमोरून जाताना." रेसिडेंटने फक्त 'डोकेदुखी' लिहिलं. दादा शेजारच्या टेबलावर होता. त्याने मान वर करून विचारलं, "बाबा, वाड्यासमोरूनच का?" त्या एका प्रश्नानंतर बाबा वीस मिनिटं बोलले. बाहेर रांग ओरडत होती. त्या वीस मिनिटांचे पैसे त्याला कुणी वेगळे देणार नव्हतं, आणि कापणारही नव्हतं. टक्क्यावर काम करणाऱ्या डॉक्टरला ती वीस मिनिटं स्वतःच्या खिशातून द्यावी लागतात.

मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १८ म्हणतं की ही सेवा प्रत्येकाचा हक्क आहे, परवडणाऱ्या खर्चात आणि जातीवरून भेदभाव न करता. कायद्यात 'जात' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. तो शब्द ओपीडीपर्यंत पोचायचा असेल तर त्याला पगाराच्या बिलातून जावं लागेल. रोहित वेमुला गेला तेव्हापासून आपण कॅम्पसवरच्या मानसिक त्रासाविषयी बोलतो आहोत. पायल तडवीच्या वेळी बोललो. प्रत्येक वेळी संस्थांकडून उत्तर येतं समुपदेशन कक्षाचं, हेल्पलाइनचं. २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानसची १४४१६ ही हेल्पलाइन आहे. ती असावीच, रात्री-बेरात्री कुणाला तरी आधार देते. पण फोन ठेवल्यावर ज्या दारात जायचं, त्या दारामागे महिन्याच्या ऑर्डरीवर टांगलेला डॉक्टर असेल तर हेल्पलाइन त्याला बदलू शकत नाही.

म्हणून माझ्या मते आपल्या मागण्या अशा असायला हव्यात. मेडिकल कॉलेजांच्या मानसोपचार विभागांतल्या मंजूर जागा कायम स्वरूपात, पूर्ण वेतनश्रेणीत आणि बिंदुनामावलीप्रमाणे भरा. कंत्राटी अध्यापकांना तोवर समान कामाला समान वेतन द्या. राज्यघटनेच्या ३९ (ड) या अनुच्छेदात ते तत्त्व आहेच. तात्पुरत्या सेवेत चालणारा उमेदवार कायम भरतीत का चालत नाही, याची कारणं लेखी जाहीर करा. स्टायपेंड परत घेणाऱ्या कॉलेजांवर नुसती नोटीस नको, जागा कमी करा. आणि ही मागणी फक्त डॉक्टरांपुरती ठेवू नका. त्याच विभागात मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता असतो, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतो, वॉर्डातल्या मावशी आणि मामा असतात. रात्री बिथरलेल्या रुग्णाजवळ आधी मावशी पोचते, डॉक्टर नंतर. ती एजन्सीमार्फत भरलेली असते आणि तिचा पगार डॉक्टरच्याही आधी अडकतो. डॉक्टरला कायम करा आणि मावशीला ठेकेदाराकडे ठेवा, असली मागणी आपली असू शकत नाही.

आणि तुमच्यापैकी जे एमबीबीएस करत आहेत, किंवा ज्यांची भावंडं नीट-पीजीचे पर्याय भरायला बसली आहेत, त्यांच्याशी थोडं. २०२१ पासून अखिल भारतीय कोट्यात ओबीसींनाही २७ टक्के जागा आहेत. एससी-एसटींच्या त्याआधीपासून आहेत. रँक चांगली आली की घरातले म्हणतात रेडिओलॉजी घे, स्किन घे, पैसा आहे. आमच्या मामांनीही दादाला विचारलं होतं, "एवढं शिकून वेड्यांचा डॉक्टर होणार का रे?" मामांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कर्ज कुणी फेडायचं हा प्रश्न खराच आहे, आणि समाजासाठी त्याग करा असं मी कुणालाही सांगणार नाही. आपल्या पिढ्यांनी पुरेसा त्याग केला आहे. मी एवढंच म्हणेन की पर्याय भरताना त्या विभागात कायम जागा किती आणि रिकाम्या किती, हे माहिती अधिकारात विचारा. ते उत्तर गटांमध्ये टाका. मग मागणी करायला आपल्या हातात काहीतरी ठोस असेल.

दादाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. त्याने कॉर्पोरेट हॉस्पिटलला अजून होकार दिलेला नाही आणि नकारही दिलेला नाही. पगार चौथ्या महिन्यात झाला, एका महिन्याचा. ऑर्डर पुढच्या महिन्यात संपते. परवा तो म्हणाला, "मी गेलो तर त्या बाबांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल गं." मी म्हणाले, "आणि राहिलास तर मावशीच्या औषधांचं काय?" मावशी म्हणजे त्याची आई. तिला शुगर आहे.

त्याने राहावं की जावं हे मी त्याला सांगणार नाही. हा निर्णय त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडावा, हीच मुळात चूक आहे. ती जागा कायम असती, भरलेली असती, तिचा पगार वेळेवर होत असता, तर आमच्यात हे बोलणं झालंच नसतं. तो आत्ता ओपीडीत असता आणि ती बाई त्याच्यासमोर बसून, चार महिन्यांनी, झोप का येत नाही ते सांगत असती.

जय भीम.